विचारा की! : जुन्या टीव्हीचं चित्र खरंच इतकं भुरकट होतं का?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो होतो की इंग्लंडमध्ये १९३६ साली सुरू झालेला ४०५ रेषांचा टीव्ही (टीव्हीचं चित्र एक किरण एकाखाली एक आडव्या रेषा ओढून काढतो, त्याच या रेषा) पार १९८५ पर्यंत चालू होता, तर त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत (इन्व्हर्टरवाले आणि गिझरवाले, रागावू नका). नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

कोल्हापूर : यूट्यूबवर १९५३ चा राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक बघितला, टीव्हीवर लाइव्ह दाखवलेला तो. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं, माणसांच्या कडा कोरल्यासारख्या, काळा रंग म्हणजे राखाडीच. लोक तासन्‌तास हे बघत बसले? ४०५ रेषांत खरंच एवढंच दिसायचं का?

नाही हो. तुम्ही जे बघितलंत ते ४०५ रेषांचं प्रक्षेपण नाहीच, तो त्या प्रक्षेपणाचा काढलेला फोटो आहे, आणि खरं तर फोटोचा फोटो. १९५३ साली चित्र टेपवर साठवायची सोय नव्हती. कामाला येईल असं पहिलं व्हिडिओ टेप मशीन अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये अमेरिकेत आणलं. त्याआधी कार्यक्रम जपून ठेवायचा तर एकच उपाय होता, एक चांगला मॉनिटर घ्यायचा, त्याच्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर जे चाललंय ते फिल्मवर शूट करायचं. इंग्लंडात याला टेलिरेकॉर्डिंग म्हणायचे, अमेरिकेत किनेस्कोप.

ऐकायला सोपं वाटतं पण भलतंच कटकटीचं काम होतं. सिनेमाच्या कॅमेऱ्याला दोन चौकटींच्या मध्ये फिल्म पुढे ओढायला वेळ लागतो, तेवढा वेळ शटर बंद असतं. टीव्हीचं चित्र मात्र थांबतच नाही, किरण पडद्यावर वरून खाली फेऱ्या मारतच राहतो. एक फेरी खाली संपून दुसरी वरून सुरू व्हायच्या मध्ये जेमतेम दीड मिलिसेकंद मिळायचा, आणि तेवढ्यात फिल्म ओढून स्थिर करणं त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग काही ठिकाणी सरळ असं केलं की एक फेरी शूट करायची, दुसरी सोडून द्यायची, तेवढ्या वेळात फिल्म ओढायची. टीव्हीचं एक पूर्ण चित्र दोन फेऱ्यांत बनतं, आधी १, ३, ५ अशा रेषा आणि मग २, ४, ६. एक फेरी गाळली म्हणजे अर्ध्या रेषा गेल्या. ४०५ पैकी पडद्यावर चित्राच्या येतात ३७७, त्याच्या निम्म्या म्हणजे १८८. सगळ्याच रेकॉर्डिंगमध्ये असं केलं असं नाही, दुसऱ्या युक्त्याही होत्या, पण प्रत्येक युक्तीत काहीतरी गमावलंच. त्याच्यावर फिल्मचे दाणे, मग त्या फिल्मची प्रत, प्रतीवरून परत व्हिडिओ, आणि शेवटी इंटरनेटसाठी दाबून लहान केलेली फाइल. एवढ्या हातांतून गेल्यावर जे उरलं ते तुम्ही मोबाइलवर बघितलंत आणि दोष मात्र ४०५ ला दिलात!

आता त्या दिवशी, म्हणजे २ जून १९५३ ला, घरी बसलेल्या माणसाला काय दिसत होतं ते बघू. सेट बहुतेक ९, १२ नाहीतर १४ इंची. १२ इंची पडद्यावर चित्राची उंची साधारण १८ सेंटिमीटर, त्यात ३७७ रेषा, म्हणजे एक रेषा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. सहा फुटांवर खुर्ची टाकून बसलं की चांगल्या डोळ्यालाही रेषा सुट्या दिसत नाहीत. शिवाय सेकंदाला ५० फेऱ्या, त्यामुळे हालचाल अगदी वाहती, सिनेमापेक्षाही. जाणकार लोक आज जुन्या सेटवर चांगला ४०५ सिग्नल सोडून बघतात तेव्हा पहिल्यांदा बघणारे चकित होतात ते यामुळेच. पुढे १७ आणि २१ इंची सेट आले तेव्हा मात्र रेषा डोळ्यांत खुपायला लागल्या, आणि त्यावर इलाज म्हणून काही सेटमध्ये किरणाला अतिशय वेगाने किंचित वर-खाली थरथरवायची सोय दिली, म्हणजे दोन रेषांमधली काळी फट भरून निघायची. ‘स्पॉट वॉबल’ म्हणायचे त्याला. रेषा वाढवता येत नाहीत ना, मग लपवा.

राखाडी काळ्याबद्दल तुमची तक्रार मात्र रास्त आहे, पण ती रेकॉर्डिंगपुरती नाही, घरच्या सेटचीही होती. काळा म्हणजे नेमका किती काळा हे सिग्नलमध्ये व्यवस्थित ठरवून पाठवलेलं असायचं, पण ते सांभाळणारं सर्किट कंपन्या स्वस्ताईसाठी सेटमध्ये घालायच्याच नाहीत. सेट आपला चित्राची सरासरी धरून चालायचा, त्यामुळे रात्रीचा प्रसंग आला की सगळा पडदा राखाडी. स्टुडिओतल्या लोकांनी जिवापाड मेहनत करून केलेली प्रकाशयोजना घरी पोचेपर्यंत अशी मातीत. कोरल्यासारख्या कडा ही बरेचदा कॅमेऱ्याची देणगी, पन्नासच्या दशकात इमेज ऑर्थिकॉन नावाची कॅमेरा ट्यूब चालायची, तिच्यात झगझगीत वस्तूभोवती काळं वलय यायचं.

आणि एक गंमत. हा सोहळा त्याच दिवशी फ्रान्स, हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतही थेट दिसला. फ्रान्सला ८१९ रेषा, जर्मनी-हॉलंडला ६२५, इंग्लंडच्या ४०५. मग बदललं कसं? परत तेच, ४०५ चा मॉनिटर आणि त्याच्यासमोर दुसऱ्या रेषांचा टीव्ही कॅमेरा.

नाशिक : टीव्हीचा शोध बेअर्डने लावला असं शाळेत शिकलो. त्याच्या टीव्हीत फक्त ३० रेषा होत्या म्हणे. ३० रेषांत काय कप्पाळ दिसणार?

चेहरा दिसायचा. एकच चेहरा, जवळून घेतलेला, आणि तोही हलत असेल तर जास्त ओळखू यायचा, स्थिर फोटो काढलात तर कळणार नाही कोण आहे. आपला डोळा हालचालीतून खूप काही भरून काढतो. रेषा आडव्या नव्हत्या, उभ्या होत्या, आणि चित्र उंच-चिंचोळं, ७ ला ३ या प्रमाणात, म्हणजे आपण आता मोबाइल उभा धरून रील बघतो ना तसंच जवळपास. सेकंदाला साडेबारा चित्रं, त्यामुळे लुकलुक भयंकर, आणि निऑन दिव्यामुळे सगळं नारिंगी. नटांच्या तोंडाला भडक रेघा ओढायला लागायच्या, नाहीतर नाक-डोळे सापडायचे नाहीत. पण कौतुक कशाचं, तर हे सगळं साध्या मीडियम वेव्ह रेडिओच्या ट्रान्समीटरवरून जायचं, १९२९ पासून बीबीसीच्या मनोऱ्यावरून. रेडिओच्या चिंचोळ्या जागेत मावेल एवढंच चित्र, म्हणून ३० रेषा. बेअर्डला जास्त रेषा कळत नव्हत्या असं नाही.

खरी परीक्षा झाली १९३६ साली. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबरला बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली तेव्हा दोन पद्धती आळीपाळीने, एक आठवडा बेअर्डची २४० रेषांची, एक आठवडा मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ ची. बेअर्डच्या मोठ्या स्टुडिओत काय चालायचं ते ऐका : कॅमेरा फिल्मचा, जागेवर ठोकून बसवलेला, फिल्म तिथल्या तिथे टाकीत धुवायची, ओली असतानाच तिच्यावरून किरण फिरवून चित्र पाठवायचं, म्हणजे ‘थेट’ प्रक्षेपण जवळपास एक मिनिट उशिरा. टाकीत सायनाइड! शेजारच्या छोट्या खोलीत निवेदिका अंधारात बसायची आणि तिच्या तोंडावरून प्रकाशाचा ठिपका फिरायचा. आणि २४० रेषांचं चित्र एका दमात, सेकंदाला २५ वेळा, म्हणून लुकलुक होतीच. समोर ईएमआयचा एमिट्रॉन कॅमेरा, पूर्ण इलेक्ट्रॉनिक, चाकांवर ढकलता येणारा, बागेतही नेता येणारा. त्यात ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बेअर्ड कंपनीच्या तिथल्या प्रयोगशाळा जळाल्या. १९३७ च्या फेब्रुवारीत बेअर्ड पद्धत बंद. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, पण निकाल बरोबर लागला.

पुणे : इंजिनिअरिंगला आहे. ४०५, ५२५, ६२५, ८१९ हे असले विचित्र आकडे का? ४००, ५००, ६०० का नाही?

छान प्रश्न, आणि तुमच्या पुस्तकात याचं उत्तर बहुतेक नसणार. आधी हे बघा की सगळे आकडे विषम आहेत. दोन फेऱ्यांत चित्र विणायचं तर प्रत्येक फेरीला अर्धी रेषा जास्तीची यावी लागते, ४०५ मध्ये २०२ आणि अर्धी, ६२५ मध्ये ३१२ आणि अर्धी. त्या अर्ध्या रेषेमुळेच दुसरी फेरी आपोआप पहिलीच्या फटींत बसते.

आता विषम तर विषम, मग ६०१ का नाही? कारण रेषांची गती आणि फेऱ्यांची गती एकमेकांना घट्ट बांधलेली हवी, नाहीतर विणकाम सुटतं. त्यासाठी एक मुख्य ऑसिलेटर (ठरलेल्या वेगाने सतत लहरी काढणारं सर्किट) ठेवायचा आणि त्याची वारंवारता भागत भागत खाली आणायची. ४०५ ला हा आकडा २०,२५०, त्याचे दोन भाग केले की रेषांची गती १०,१२५ आणि ४०५ भाग केले की फेऱ्यांची ५०. पण व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या जमान्यात सर्किटला एका झटक्यात ४०५ ने भागायला सांगणं म्हणजे अशक्य, तीनाने भाग, पाचाने भाग, एवढंच ते भरवशाने करायचं. म्हणून असे आकडे शोधले जे छोट्या विषम आकड्यांच्या गुणाकाराने बनतात. ४०५ म्हणजे ३ चार वेळा आणि एकदा ५. ५२५ म्हणजे ३, ५, ५, ७. ६२५ म्हणजे ५ चार वेळा. जर्मनांचे आधीचे ४४१ म्हणजे ३, ३, ७, ७. फ्रेंचांचे ८१९ म्हणजे ३, ३, ७ आणि १३, यातला १३ जरा धाडसाचाच.

आणि ५० का, तर तिकडच्या घरातली वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेत वीज ६० ची म्हणून टीव्हीच्या फेऱ्याही ६०. तेव्हाच्या सेटमध्ये विजेची गुणगुण चित्रात शिरायची आणि पडद्यावर काळपट पट्टा यायचा, दोन्हीचा वेग एकच असला तर पट्टा निदान एका जागी उभा राहतो, नाहीतर चित्रावरून सरकत राहतो आणि माणसाला वेड लागतं.

सांगली : सगळ्यात भारी कुणाचं मग? ८१९ म्हणजे जवळपास एचडीच की. फ्रान्स एवढं पुढे होतं तर जगाने ते का उचललं नाही?

८१९ चं कौतुक करताना लोक अर्धीच गोष्ट सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेषा मोजल्या म्हणजे आपण चित्र वरून खाली मोजलं. पण डावीकडून उजवीकडे काय? एका रेषेवर काळं-पांढरं, काळं-पांढरं किती वेळा बदलता येतं हे रेषांच्या संख्येवर नाही, तर ट्रान्समीटरला हवेत किती रुंद जागा दिली त्यावर ठरतं, म्हणजे बँडविड्थवर. आणि रेषा वाढवल्या की प्रत्येक रेषेला मिळणारा वेळ कमी होतो, त्यामुळे जागा तेवढीच ठेवून नुसत्या रेषा वाढवल्या तर चित्र उभ्या दिशेने बारीक आणि आडव्या दिशेने भुरकट. हिशोब सोपा आहे, एका लहरीत एक काळा आणि एक पांढरा असे दोन ठिपके. ब्रिटिश ४०५ ला चित्रासाठी ३ मेगाहर्ट्झ, रेषेचा दिसणारा भाग सुमारे ८० मायक्रोसेकंद, तर रेषेवर साधारण ४८० ठिपके बसतात. अमेरिकन ५२५ ला ४.२ मेगाहर्ट्झ आणि साडेबावन्न मायक्रोसेकंद, ठिपके ४४० च्या आसपास. बघा म्हणजे, ज्या ४०५ ला सगळे हसतात त्यात आडवा बारकावा अमेरिकेपेक्षा थोडा जास्तच निघतो! आपल्याकडच्या ६२५ ला ५ मेगाहर्ट्झ आणि ५२ मायक्रोसेकंद, ५२० ठिपके. हे सगळे कागदावरचे आकडे, घरच्या सेटमध्ये त्यातले कमीच उरायचे, पण तुलना करायला पुरे.

फ्रेंचांनी ८१९ ला १० मेगाहर्ट्झ दिले. ७३७ दिसणाऱ्या रेषा, आडवे सुमारे ७९० ठिपके, त्या काळाच्या मानाने राजेशाही. हे मानक ठरलं १९४८ च्या शेवटी, तेव्हा माहितीखात्याचे सचिव होते फ्रान्स्वा मितराँ, हो तेच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. पद्धतीमागचा माणूस आँरी द फ्रान्स, नावातच देश! बाहेरचे स्वस्त सेट देशात येऊ नयेत हाही हेतू होता असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

पण किंमत बघा. आवाज धरून एका चॅनेलला हवेत १४ मेगाहर्ट्झ जागा. इंग्लंडात ५ मध्ये भागायचं, जर्मनीत ७. म्हणजे जिथे जर्मनांची दोन चॅनेल मावतात तिथे फ्रेंचांचं एक. डोंगराडोंगरांत ट्रान्समीटर उभे करायचे तर शेजारशेजारचे एकमेकांत घुसू नयेत म्हणून वेगवेगळे चॅनेल द्यावे लागतात, आणि चॅनेल तर संपलेले. १९६४ मध्ये फ्रान्सने दुसरं चॅनेल सुरू केलं ते चक्क ६२५ वर. ८१९ मरत मरत ऐंशीच्या दशकापर्यंत पोचलं.

बेल्जियमचा किस्सा तर याहून भारी. तिथल्या फ्रेंच भाषेच्या केंद्राला शेजारच्या फ्रान्ससारख्या ८१९ रेषा हव्यात, पण चॅनेलची जागा ७ मेगाहर्ट्झच. मग काय, रेषा ८१९ आणि चित्राला ५ मेगाहर्ट्झ. हिशोब केला तर आडवे ठिपके ३९५, म्हणजे ब्रिटिश ४०५ पेक्षाही कमी. डच भाषेच्या केंद्राला वेगळ्याच ६२५. सीमेवरच्या माणसाला सगळी केंद्रं बघायची तर चार मानकांचा सेट घ्यायचा, बाजूला खटका, आणि प्रत्येक कार्यक्रमाला उठून खटका फिरवायचा.

म्हणून माझं मत विचाराल तर भारी ६२५ च. सगळ्यात सुंदर नाही, पण रेषा आणि जागा यांचा मेळ त्यात नीट बसला. १९५९ मध्ये दिल्लीत प्रयोग सुरू झाला तेव्हा आपणही तेच घेतलं, आणि उशिरा सुरुवात केल्याचा हा एकच फायदा आपल्याला झाला, कुठलंच जुनं लोढणं गळ्यात नव्हतं. इंग्लंडचं बघा, १९३६ चे ४०५ घेऊन बसले, घराघरांत सेट गेलेले, टाकणार कसे? १९६४ ला बीबीसी टू ६२५ वर सुरू केलं, तरी ४०५ जानेवारी १९८५ पर्यंत ओढत न्यावं लागलं.

सोलापूर : जुना टीव्ही चालू असताना बारीक शिट्टी ऐकू यायची, मला यायची, वडिलांना नाही. भास होता का?

भास नाही. रेषा ओढणारा ट्रान्सफॉर्मर सेकंदाला १५,६२५ वेळा थरथरायचा, तोच आवाज. वय वाढलं की एवढा बारीक आवाज कानाला लागत नाही. इंग्लंडातल्या ४०५ ची शिट्टी १०,१२५ ची, ती आजोबांनाही ऐकू जायची, आणि फ्रान्सच्या ८१९ ची २०,४७५ ची, ती बहुतेक कुत्र्यांनाच.

न्यू जर्सी : १९८८ मध्ये साताऱ्याला झालेल्या आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट इथे कधीच लागली नाही, नुसत्या पट्ट्या. इथलं एनटीएससी आपल्या पालपेक्षा वाईट असं सगळे म्हणतात, खरं का?

एनटीएससी ही अमेरिकेची आणि पाल ही आपली रंगीत टीव्हीची पद्धत. कॅसेटचा आकार एकच पण आतलं गणित वेगळं. आपल्याकडे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, तुमच्याकडे ५२५ आणि ३०, शिवाय रंग मिसळायची रीत निराळी. दोन्ही मानकं चालवणारा व्हीसीआर लागतो. आता कुठल्याही बऱ्या दुकानातून डिजिटल करून घ्या, फक्त एवढं सांगा की मूळ पालमध्येच कॉपी करा, ३० चित्रांत बदलू नका, बदललं की वरातीतली घोडी अडखळत चालते.

वाईट म्हणाल तर अर्धं खरं. रेषा कमी, साधारण ४८० दिसणाऱ्या, आपल्या ५७५. पण ६० फेऱ्यांमुळे लुकलुक तुमच्याकडे कमी, भारतातून गेलेल्या माणसाला तिकडचा पडदा शांत वाटायचा आणि तिकडून आलेल्याला इथला थरथरता. बदनामी झाली ती रंगाने. एनटीएससीत रंगाची छटा एका बारीक लहरीच्या टप्प्यावर अवलंबून, म्हणजे लहर किती पुढे-मागे यावर, आणि वाटेत ती जरा सरकली की माणसाचा चेहरा हिरवा नाहीतर जांभळा. म्हणून तिकडच्या सेटला टिंटचं बटण. इंजिनिअर लोकच चेष्टेत म्हणायचे, एनटीएससी म्हणजे ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’. जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी पालमध्ये युक्ती केली की रंगाचा एक भाग दर रेषेला उलटा पाठवायचा. एका रेषेत चूक हिरव्याकडे झाली तर पुढच्या रेषेत तीच चूक लालकडे, सेटमध्ये एक रेषा ६४ मायक्रोसेकंद थांबवून ठेवायची आणि दोन्हींची सरासरी काढायची, चूक गायब, रंग फक्त किंचित फिके. पण हेही लक्षात घ्या की अमेरिकेने हे १९५३ मध्ये ठरवलं आणि जर्मनीत पाल सुरू झालं १९६७ ला. आधीच्याला ठेच लागली म्हणून मागचे शहाणे झाले. फ्रेंचांनी तेव्हाही वेगळी चूल मांडलीच, सेकॅम.

दादर : १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडे टीव्ही. बातम्या देणाऱ्या बाईंच्या बाजूला कायम दुसऱ्या बाई दिसायच्या, फिक्या. आणि मुंग्या. तो सिग्नलचा दोष की सेटचा?

सेटचा नाही, मानकाचा तर अजिबात नाही, तुमच्या शेजारच्या बिल्डिंगचा. अँटेनाला एक लहर सरळ येते आणि तीच लहर कुठल्यातरी भिंतीवर किंवा टेकडीवर आपटून लांबच्या वाटेने उशिरा येते, ती उशिराची म्हणजे दुसऱ्या बाई. त्या किती अंतरावर दिसतात यावरून भिंत किती लांब तेही काढता यायचं. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. २० इंची पडदा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद, एवढं अंतर किरण ५२ मायक्रोसेकंदात कापतो. म्हणजे दुसऱ्या बाई अडीच सेंटिमीटर उजवीकडे असतील तर लहर साधारण एक किलोमीटर जास्त फिरून आली. याला उपाय एकच, अँटेना फिरवणं, आणि कधी कधी ती वरळीच्या दिशेला धरण्यापेक्षा थोडी तिरकी धरली की चित्र स्वच्छ, कारण आपटून येणारी लहर तेवढी टळायची. गच्चीवर एक जण, खिडकीत दुसरा, खाली सेटपाशी तिसरा, आणि ‘आलं, आलं, गेलं!’

मुंग्या म्हणजे सिग्नल कमजोर. सिग्नल पुरेसा आला नाही की सेट आपली ताकद वाढवत नेतो आणि त्याच्या स्वतःच्या सर्किटमधली खरखर पडद्यावर येते. बूस्टर लावायचा तर अँटेनापाशी वर लावायचा, बहुतेक लोक तो टीव्हीमागे लावायचे आणि मग वायरीत आधीच मुंग्या झालेला सिग्नल आणखी मोठा करून बघायचे.

यात एक फरक मानकाचा आहे खरा. ब्रिटिश ४०५ आणि फ्रेंच ८१९ मध्ये सिग्नल जितका जोरात तितकं चित्र पांढरं. रस्त्यावरून स्कूटर गेली की तिच्या प्लगची ठिणगी पडद्यावर पांढरी फटफटीत चमकायची. आपल्या ६२५ मध्ये आणि अमेरिकन ५२५ मध्ये उलट केलं, जोराचा सिग्नल म्हणजे काळा. त्यामुळे आपल्याकडे शेजारणीने मिक्सर लावला की उमटायचे ते बहुतांशी काळे ठिपके, ते तेवढे टोचत नाहीत. मला विचाराल तर ६२५ चा हा गुण रेषांपेक्षाही मोलाचा, कारण आपल्याकडे मिक्सर कायमच चालू.

पणजी : लहानपणी दूरदर्शनवर बघितलेले जुने कार्यक्रम आता नेटवर बघवत नाहीत. आठवणीतच छान होते की खरंच छान दिसायचे?

बऱ्यापैकी छान दिसायचे. नेटवर जे सापडतं त्यातलं पुष्कळसं कुणीतरी घरी व्हीएचएसवर टेप केलेलं. व्हीएचएसवर चित्राचे साधारण ३ मेगाहर्ट्झच उतरतात, हवेतून आले होते ५. रंग तर त्याहून पातळ. मग तीस वर्षं कपाटात कॅसेट, कोकण-गोव्याच्या हवेत बुरशी. आणि शेवटचा घाव कॉम्प्युटरवर पडतो, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही : दोन फेऱ्यांचं एक चित्र करताना सॉफ्टवेअर एकतर एक फेरी टाकून देतं, नाहीतर दोन्ही एकावर एक चिकटवतं, आणि हललेल्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. सेकंदाला ५० हालचाली होत्या त्या २५ झाल्या. मूळ प्रक्षेपणात कॅमेरा फिरला की नाट्यगृहात बसल्यासारखी जी वाहती हालचाल होती, ती गेली. आजही कुणी जुनी कॅसेट डिजिटल करत असेल तर दोन्ही फेऱ्या वेगळ्या ठेवून ५० चित्रांची फाइल करायला सांगा, रेषा तेवढ्याच राहतात पण जीव परत येतो.

रत्नागिरी : माळ्यावर आजोबांचा लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट सेट आहे. लावून बघू का? काही दिसेल?

लगेच प्लग लावू नका! एवढी वर्षं पडून असलेल्या सेटमधले कपॅसिटर आतून सुकलेले असतात, वीज दिली की फुटतात नाहीतर धूर. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि सेट बंद केल्यावरही काही वेळ ते आत साठून राहतात, तेव्हा मागचं झाकण काढून हौसेने बोट घालू नका. गावात जुना टीव्ही मेकॅनिक अजून असेल तर त्याच्याकडे न्या, खूश होईल तो.

सेट चालू झाला तरी अँटेनावर मुंग्याच दिसतील, कारण जमिनीवरचं ॲनालॉग प्रक्षेपण आता आपल्याकडे जवळपास बंद झालंय. जुना व्हीसीआर किंवा ज्याच्या मागे आरएफ आउट (अँटेनासारखाच सिग्नल बाहेर देणारी जागा) आहे असा जुना सेट-टॉप बॉक्स शोधा, त्याची वायर अँटेनाच्या जागी जोडा आणि चॅनेलचं बटण सावकाश फिरवत चित्र पकडा. सेट ६२५ चाच आहे, त्यामुळे लागेल. लोकांच्या कपड्यांवर, लाल-निळ्या भागांवर बारीक ठिपक्यांची जाळी हलताना दिसली तर बिघाड समजू नका, ती रंगाची माहिती आहे. रंगीत सिग्नल ४.४३ मेगाहर्ट्झवर रंग घेऊन येतो, आणि तुमच्या आजोबांच्या सेटला त्याचं काय करायचं हे माहीत नसल्यामुळे तो ती जशीच्या तशी पडद्यावर काढतो. जाळी अगदी स्पष्ट दिसली तर उलट आनंद माना, सेट अजून साडेचार मेगाहर्ट्झपर्यंतचा बारकावा दाखवतोय.